‘सम रात्री मुलगा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

लग्नसराई आली की आमच्या बीड-अंबाजोगाईकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. वर गणपती, खाली जोडलेले हात, मधे ‘गरोदरपणाचे शास्त्र’. त्यातलं सार असं: पाळी आल्यापासून मोजून सम रात्री संबंध आला तर मुलगा, विषम रात्री आला तर मुलगी. लागोपाठ मुलीच होत असतील तर बाईच्या कुशीत दोष. दीड-दोन महिन्यांपर्यंत गर्भ ‘कोरा’ असतो, तेवढ्यात औषध घेतलं की मुलगा. पुढं पोटाचा आकार, केशर, ग्रहण, आणि शेवटी ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’. मी दहावीला विज्ञान शिकवतो. प्रजननाचा धडा मार्चमध्ये पेपरात लिहून पास झालेली पोरं मे महिन्यात हाच मेसेज पुढं ढकलतात, म्हणून ओळीनं उत्तर देतो.

‘सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी.’

हा हिशोब मुळात रात्रीचा नाहीच. बाईच्या अंडाशयातून महिन्याला साधारण एक अंडपेशी बाहेर पडते, आणि तिची वेळ ठरते ती पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी. ज्या बाईची पाळी 28 दिवसांची तिला चौदाव्या दिवसाच्या आसपास, 35 दिवसांची तिला एकविसाव्याच्या आसपास. बाहेर पडलेली अंडपेशी जेमतेम एक दिवस टिकते. शुक्रपेशी मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे दहाव्या रात्री संबंध आला आणि अंडपेशी तेराव्या दिवशी आली, तर फलन होणार तेराव्या दिवशी. तेही अंडनलिकेत, कदाचित भर दुपारी, ती बाई रानात कापूस वेचत असताना. आता हे सम धरायचं की विषम?

दुसरं असं की कुठल्याही रात्री गेलेल्या कोट्यवधी शुक्रपेशींत मुलाच्या आणि मुलीच्या साधारण निम्म्या-निम्म्या असतात. पंचांग बघून त्यातल्या अर्ध्या घरी थांबत नाहीत. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 221 बायकांच्या नोंदी दिवसागणिक तपासल्या होत्या. अंडपेशी सुटण्याच्या किती दिवस आधी संबंध आला, यावर मुलगा की मुलगी हे ठरत नाही, असंच त्यात दिसलं.

‘आपल्या ग्रंथांतच लिहिलंय’ अशी पुस्ती असते. लिहिलेलं आहे, नाकारत नाही. पण लिहिणाऱ्यांपुढं सूक्ष्मदर्शक नव्हता. शुक्रपेशी माणसाला पहिल्यांदा दिसल्या 1677 साली, लेव्हेनहूक या डच संशोधकाला, आणि सस्तन प्राण्याची अंडपेशी ओळखली 1827 साली फॉन बेअर या शास्त्रज्ञानं. जुन्यांनी न बघता अंदाज बांधला, त्यांचा इलाजच नव्हता. आपला आहे.

‘मुलीच होतात हा बाईच्या कुशीचा दोष.’

वर्गात मी यासाठी दोन वाट्या मांडतो. ‘आई’ लिहिलेल्या वाटीत नुसती ज्वारी, ‘बाप’ लिहिलेल्या वाटीत निम्मी ज्वारी आणि निम्मी तूर. ज्वारीचा दाणा म्हणजे एक्स गुणसूत्र, तुरीचा म्हणजे वाय. एकेकानं यायचं, डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलायचा. ज्वारी-ज्वारी आली तर मुलगी, ज्वारी-तूर आली तर मुलगा. पंधरा-वीस पोरं होईस्तोवर सगळ्या वर्गाच्या लक्षात येतं की आईच्या वाटीत कितीही हात घाला, तूर निघतच नाही, कारण तिथं ती नाहीच. एकदा मागच्या बाकावरची एक पोर मोठ्यानं म्हणाली, “म्हणजे सर, आज्जी मम्मीला उगंच बोलती.” पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्या एका वाक्यानं वर्गाला जास्त कळलं असावं.

ही गोष्ट काही कालची नाही. नेटी स्टीव्हन्स या बाईंनी किड्यांच्या पेशी तपासून 1905 साली वाय गुणसूत्राचा लिंगाशी असलेला संबंध दाखवला. मग दोष बापाचा का? त्याचाही नाही. कुठली शुक्रपेशी आधी पोचेल हे त्याच्या हातात नसतं. चार लेकरं असलेली 160 घरं घेतली तर त्यातल्या साधारण दहा घरांत चारही मुलीच निघतील, आणि तेवढ्याच घरांत चारही मुलगे. त्या मुलग्यांच्या घरात कुणी कुणाच्या कुशीला बोल लावत नाही.

‘दोन महिन्यांपर्यंत गर्भ कोरा असतो.’

सगळ्यात धोकादायक ओळ ही, कारण हिच्यात थोडं खरं आहे. गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या गर्भात बघून फरक कळत नाही. दोघांत एकसारख्याच कच्च्या ग्रंथी असतात, दोघांत दोन्ही प्रकारच्या नळ्यांची सुरुवात असते. सातव्या आठवड्याच्या सुमारास (डॉक्टर पाळीपासून मोजतात, त्यांच्या हिशोबानं नववा) वाय गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या हुकमानं वृषण घडायला लागतात. ते जनुक 1990 साली सापडलं. पण ते सातव्या आठवड्यात बाहेरून येत नाही. अंडपेशी आणि शुक्रपेशी मिळून जो पहिला युग्मनज झाला, त्यातच ते एकतर होतं किंवा नव्हतं. कागद कोरा नसतो, लिहिलेला असतो. फक्त वाचायला सुरुवात झालेली नसते. पोटात गेलेली शिवलिंगीची बी किंवा कसलीही पुडी एक्सचा वाय करू शकत नाही.

करू शकते ते दुसरंच. हे औषध द्यायला सांगतात त्याच आठवड्यांत लेकराचं हृदय, मेंदू, हातपाय घडत असतात. हरियाणात अशा ‘मुलग्याच्या औषधां’चा अभ्यास झाला, तेव्हा ती घेतलेल्या बायकांमध्ये मृत बाळ जन्मण्याचं आणि जन्मजात व्यंगाचं प्रमाण जास्त आढळलं. तरी वैदूचा धंदा चालतो, कारण काहीही दिलं तरी निम्म्यांना मुलगा होणारच. झाला की औषधाचा गुण, नाही झाला की ‘पथ्य पाळलं नाही’.

आणि खरंच तिथीनं, पुडीनं भागत असतं तर सोनोग्राफीच्या चोरवाटा कुणी शोधल्या नसत्या. निसर्गतः 1000 मुलग्यांमागं साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात. बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुली 2001 च्या जनगणनेत 1000 मुलग्यांमागं 894 होत्या, 2011 मध्ये 807. 2012 साली परळीच्या स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणानं जिल्ह्याची देशभर नाचक्की झाली. असे मेसेज त्याच हौसेला खतपाणी घालतात. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात लिंगनिवडीच्या जाहिरातीला बंदी आहे, मार्ग शास्त्रीय असो की नसो, इंटरनेटवरची जाहिरातही त्यात आली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. ‘औषधासाठी संपर्क’ म्हणून खाली नंबर असलेला मेसेज पुढं पाठवणाऱ्यांनी एवढं वाचून ठेवावं.

पोट टोकदार की गोल, ओकाऱ्या कमी की जास्त, यावरून मुलगा-मुलगी सांगणाऱ्या म्हाताऱ्या निम्म्या वेळा बरोबर येतात. नाणंही तेवढंच बरोबर येतं. केशरानं लेकरू गोरं होत नाही, रंग आई-बापाच्या जनुकांतून येतो. दूध प्यावं, केशराचे पैसे शेंगदाणे, गूळ, अंडी यांवर घालावेत.

‘ग्रहणात बाईनं विळी धरली तर लेकराचा ओठ फाटतो.’

वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळून येतो, टाळू बाराव्यापर्यंत. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणानं जुळलेला ओठ पुन्हा फाटत नाही. ओठ फाटण्यामागं काही वेळा घराण्यातली जनुकं असतात, काही वेळा आईचं धूम्रपान किंवा काही विशिष्ट औषधं, आणि बऱ्याचदा एक असं कारण सापडतही नाही. नुकसान होतं ते वेगळंच: ग्रहण म्हणून पोटुशी बाई तासन्‌तास अन्नपाण्यावाचून अंधाऱ्या खोलीत बसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे झालं तर चक्कर ठरलेली.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही.’

ही समजूत आपलीच आहे असं नाही, प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही ती सापडते. खरं नेमकं उलटं आहे. बाळाची फुप्फुसं उघडी ठेवणारा पदार्थ पुरेसा तयार होतो तो 34 व्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे आठव्या महिन्यात. तोवर पोटात काढलेला एकेक आठवडा जगण्याची शक्यता वाढवतो. मग जगलेले सातमाशे सगळ्यांना ठाऊक कसे? जे जगले त्यांच्याच गोष्टी राहिल्या, आणि लग्नानंतर सातव्या महिन्यात तीन किलोचं भरलेलं बाळ झालं की त्यालाही सातमाशाच म्हणायचा रिवाज आहे. गावाला काय ते कळतं, गाव बोलत नाही.

ही ओळ मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या की ‘आता काय उपयोग’ म्हणून घरातली माणसं ढिली पडतात. ऊसतोडीच्या कोपीवर तर दवाखाना आधीच लांब असतो. 34 आठवड्यांच्या आतल्या बाळासाठी आईला वेळेत स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं तर त्याच्या फुप्फुसांना आधार मिळतो, पण ते बाळंतपणाच्या आधी द्यावं लागतं. जिल्हा रुग्णालयात अशा नवजातांसाठी वेगळा कक्ष असतो, आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत तर फुकट आहे. आठवा लागला असताना कळा आल्या तर 108 ला फोन लावायचा, सातव्यात आल्या तरी तोच.