जीआर काढायच्या आधी एकदा बाकावर येऊन बसा

पोस्ट मोठी आहे, पण बरेच दिवस मनात होतं म्हणून सगळं एकदाच लिहितोय. विषय एवढाच, सरकारी योजना आखताना डिझाइनची पद्धत का वापरत नाहीत.

मी चोपडा तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. दाखले, सातबारा, केवायसी, स्कॉलरशिप, पीकविमा, सकाळी नऊला शटर वर केलं की संध्याकाळपर्यंत हेच. दाराजवळ एक लाकडी बाक आहे, नंबर येईपर्यंत लोक त्यावर बसतात, आणि सरकारी योजना प्रत्यक्षात कशी चालते किंवा कुठे अडते हे मला जे काय कळलं ते त्या बाकावरच्या लोकांकडून कळलं.

मागच्या कापसाच्या सीझनमध्ये एक आजीमाय आल्या. एका योजनेचं केवायसी करायचं होतं, नाहीतर हप्ता थांबणार होता. अंगठा मशीनवर ठेवला, लागला नाही. ओल्या फडक्यानं पुसला, थोडं व्हॅसलीन लावलं, परत ठेवला, नाही. मग एकेक करून दहाही बोटं झाली. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांना लागत राहतात, वर्षानुवर्षं तेच काम केलेलं, रेषा राहणार कुठून. हात उलटसुलट करून बघत बघत त्या मला म्हणाल्या, "काबर लागस नही भाऊ, मना हात खराब शे का?"

मला काही उत्तर देता आलं नाही. ज्या हातानं आयुष्यभर काम केलं तोच हात मशीनला चालत नाही, आणि माणसाला वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. हे फार वाईट वाटतं हो बघायला, रोज बघून पण सवय होत नाही.

देशातली पहिली आधार कार्डं आपल्याच खान्देशात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 ला वाटली गेली. म्हणजे जिथून सुरुवात झाली तो मुलूखच कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या हातांचा. पुढे 2023 मध्ये पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आली, आणि ती आल्यावर ज्यांचे अंगठे लागत नव्हते त्यांची किती सोय झाली ते मी डोळ्यांनी बघितलंय. चांगलंच झालं. पण हाच विचार कुठलीही योजना आखतानाच का होत नाही, हे मला विचारायचंय.

आता या विषयाकडे मी कसा आलो ते सांगतो. माझी भाची पुण्यात डिझाइन शिकते. मला वाटायचं डिझाइन म्हणजे लोगो, पॅकिंग, रंगसंगती वगैरे. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली मामा मला दोन दिवस तुमच्या बाकावर बसू द्या. म्हटलं बस. तिनं कुणाला फारसे प्रश्न विचारले नाहीत, नुसतं बघितलं, ऐकलं, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या पावरा (आदिवासी) पोराशी तेवढी नीट तासभर बोलली. मग जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं त्या पोराचा दाखल्यापर्यंतचा सगळा रस्ता काढला. पाड्यावरून पायी फाट्यापर्यंत, फाट्यावर गाडीची वाट, केंद्र, नेट बंद, परत. दुसरी चक्कर, अर्ज त्रुटीत, परत. शाळेत निर्गम उतारा मागायला, गुरुजी मीटिंगला गेलेले, परत. प्रत्येक चकरेखाली भाडं किती, झेरॉक्सचे किती, कोणाची मजुरी बुडाली. पूर्ण कागद भरला. आणि सगळ्यात शेवटी उजव्या कोपऱ्यात दोन बोटं जागेत लिहिलं होतं, अर्ज दाखल, मग दाखला.

ते दोन बोटं बघून मला एकदम चमकलं. आपल्याकडे 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, चांगला कायदा आहे, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळालीच पाहिजे, नाही मिळाली तर अपील करता येतं. पण त्या कायद्याचं घड्याळ सुरू होतं अर्ज रीतसर दाखल झाल्यावर. म्हणजे सरकारच्या हिशोबात फक्त तो उजवा कोपरा येतो, तिथे सगळं मुदतीत दिसतं, साहेबांचा रिपोर्ट बरोबरच असतो. त्याच्या डावीकडचा पूर्ण कागद कुणाच्याच हिशोबात नाही.

भाचीनं सांगितलं, डिझाइनची पद्धत म्हणजे हेच. ज्याच्यासाठी करायचं त्याच्याजवळ आधी जाऊन बसा, त्याचा दिवस बघा, मग कच्चा नमुना करा, चार माणसांच्या हातात द्या, ती कुठे अडतात बघा, बदला, परत द्या, आणि मग पक्कं करा. बाहेरच्या देशांत सरकारांनी हे करून पाहिलंय. डेन्मार्कमध्ये 2002 ते 2018 माइंडलॅब नावाची टीम थेट मंत्रालयांसोबत काम करत होती, ब्रिटनमध्ये 2014 मध्ये कॅबिनेट ऑफिसात पॉलिसी लॅब सुरू झाली, आणि त्याआधी 2012 मध्येच तिथल्या सरकारच्या डिजिटल टीमनं जे नियम छापले त्यातला पहिलाच असा होता की सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करा, सरकारच्या गरजेपासून नको. आपल्याकडे पण डिझाइन काही कालचं नाही, अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था 1961 ची, पवईच्या आयआयटीतलं डिझाइनचं आयडीसी 1969 चं, 2007 मध्ये राष्ट्रीय डिझाइन धोरणही आलं. पण त्या धोरणाचा सगळा रोख उद्योगधंद्यांवर, वस्तूंवर. तहसीलच्या खिडकीपर्यंत ते आलंच नाही.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेकाठची फड पद्धत बघा. नदीवर छोटे बंधारे, तिथून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, दरवर्षी पिकाची फिरवाफिरव. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वाद झाला तर पंच. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड सोडायचा हे गावानं बसून ठरवायचं. काही शतकं चालली ही व्यवस्था. पुढे वर धरणं झाली, विहिरी आल्या, आणि ती बरीच मोडली, तो वेगळा विषय आहे. पण हे पाण्याचं धोरणच होतं ना, ज्याच्या शेतात पाणी जाणार त्यालाच विचारून केलेलं, आणि दर हंगामात दुरुस्त होत गेलेलं.

आता त्या पावरा पोराचा अर्ज त्रुटीत का गेला ते सांगतो, कारण हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. नियमामागचं कारण मला समजतं. बोगस दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा लोकांनी खाल्ल्यात, त्यामुळे पुरावा मागूच नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या पोराचा आजा शाळेत गेलेलाच नाही, पाड्याजवळ तेव्हा शाळाच नव्हती. जी शाळा सरकारनं दिली नाही त्या शाळेचा उतारा सरकार मागतंय. मग पर्याय म्हणून कोतवाल बुकाची नक्कल आणा म्हणतात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद. ते कोतवाल बुक असतं कुठे? तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. तहसीलमधून नक्कल काढायची आणि प्रांताकडे जाणाऱ्या दाखल्याच्या अर्जाला जोडायची, म्हणजे महसूलचाच कागद महसूलला आणून द्यायचा, आणि मधला हमाल कोण तर भाडं उसनं आणून आलेला अकरावीचा पोरगा. हा नियम लिहिणाऱ्यानं जर एक दिवस एका पोराबरोबर पाड्यावरून तहसीलपर्यंत प्रवास केला असता ना, तर पुरावा शोधायचं काम त्यानं नक्कीच ऑफिसकडे ठेवलं असतं.

लोक म्हणतील सरकारकडे एवढा वेळ कुठे. पण ई-पीक पाहणीचं उदाहरण समोर आहे. 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झाली, शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो टाकायचा. पहिल्या वर्षी माणसं घाबरून असायची, एकदा चुकीचं पीक दाबलं गेलं तर काय. मग 2022 च्या नव्या व्हर्जनमध्ये 48 तासांत स्वतःच दुरुस्ती करायची सोय दिली. एवढीशी गोष्ट, पण चुकलं तर सुधारता येतं म्हटल्यावर म्हातारी माणसं पण फोन हातात घ्यायला लागली, आमच्या गावात तरी मी हे बघितलंय. आधीच्या चाचणीतच माणसं कुठे अडतात हे नीट बघितलं असतं तर हे पहिल्याच वर्षी कळलं असतं.

माझ्याकडे एक वही आहे. अर्ज त्रुटीत आला की कारण मी त्यात लिहून ठेवतो. सगळ्यात जास्त पानं नावातल्या फरकानं भरलीत, आधारवर एक, सातबाऱ्यावर एक, शाळेत तिसरंच. बाईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्या. अशा वह्या प्रत्येक केंद्रचालकाच्या डोक्यात आहेत, पण इतक्या वर्षांत आम्हाला कोणी विचारलं नाही की बाबा कोणती त्रुटी परत परत येते. टार्गेट किती झालं हे मात्र दर आठवड्याला विचारतात. राज्यानं 2022 मध्ये मित्रा ही संस्था काढली आहे धोरणाच्या कामासाठी, तिथे किंवा जिल्ह्याच्या पातळीवर अशी चार माणसं बसवा ज्यांचं काम फक्त हेच, त्रुटी वाचायच्या, बाकावर बसायचं, आणि नवा फॉर्म आधी धडगाव, अक्कलकुवा, चोपड्याच्या माणसाच्या हातात देऊन बघायचा. पुण्या-मुंबईत चालणारा फॉर्म इथे चालेलच असं नसतं, पण इथे चालला तर तिथे नक्की चालेल.

भाचीचा तो कॅलेंडरचा कागद मी प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवलाय. मागच्या महिन्यात तो पावरा पोरगा दाखला न्यायला आला, मिळाला शेवटी. कागदासमोर बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला भाऊ यात एक राहिलं. माझ्याकडून पेन घेतला आणि दुसऱ्या नि तिसऱ्या चकरेच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिलं, "शेवटची गाडी गेली, रात्री स्टँडवर झोपलो".