मी, उर्फ मी

बाबा सातारा जिल्ह्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. जमिनीचा कागद दिसला की अजूनही त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जातो. मेलबर्नमध्ये घर घ्यायचं ठरल्यावर मी पहिली चूक केली ती ही की, बातमी लगेच त्यांना सांगितली. दुसरी चूक म्हणजे, "शनिवारी लिलावाला जाणार आहोत" हे आईला ऐकू गेलं.

"कुणाचं घर बुडालं रे?" आईनं विचारलं.

लिलाव म्हटलं की आपल्याकडे बँकेची नोटीस, दाराला सील आणि हुंदके. इथे धडधाकट, खाऊनपिऊन सुखी माणसं हौसेनं स्वतःच्या घराचा लिलाव करतात. शेजारी कॉफी आणि कुत्रा घेऊन तमाशाला यावं तसे येतात. जाहिरातीत किंमत लिहिलेली असते आणि कायद्यानं तिचा पल्ला १० टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. म्हणून आम्ही '७ लाख ते ७ लाख ७० हजार डॉलर' हे वाचून, नाश्ता करून, निर्धास्त गेलो. घर ८ लाख ६५ हजाराला गेलं. माझी बायको स्मिता तुळशीबागेत तयार झालेली आहे. साडेतीनशेची वस्तू दीडशेला आणणं हे तिचं घराणं. पण भाव फक्त वरच चढतो अशा जागी ती विद्या काय कामाची? त्यात मध्येच लिलाव पुकारणाऱ्यानं मालकाच्या वतीनं स्वतःच एक बोली लावली, आणि ती मालकाची असल्याचं खणखणीत आवाजात सांगितलंही. हे कायदेशीर आहे. चोरून लावली तर गुन्हा, ओरडून लावली तर व्यवहार!

लिलावात घेतलेलं घर परत करता येत नाही हे कळल्यावर स्मितानं लिलाव बंद केले. मग मेलबर्नच्या पश्चिमेला, सेंट अल्बन्समध्ये एक जुनं विटांचं घर सरळ विक्रीला होतं, ते ७ लाख २० हजाराला ठरलं. इथे व्हिक्टोरिया राज्यात सही केल्यावर कामाचे तीन दिवस पश्चात्तापासाठी मिळतात. मन बदललं तर किमतीच्या ०.२ टक्के कापून बाकीचे पैसे परत.

"म्हणजे चौदाशे चाळीस," बाबांनी तोंडी हिशेब केला. "इसारातले एवढेच बुडणार? देवमाणसं आहेत."

पण त्या तीन दिवसांचं काय करायचं हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. "कागद पाठव."

कागद म्हणजे 'सेक्शन थर्टी-टू'. १९६२ च्या जमीनविक्री कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली विकणाऱ्यानं घराबद्दल जे जे सांगायला हवं, त्याची चळत. आमची १३८ पानांची होती. ती आमच्यासाठी वाचायला आम्ही एक कन्व्हेयन्सर, म्हणजे घरखरेदीची कागदपत्रं बघणाऱ्या बाई नेमल्या होत्या. बाबांना हा हुद्दा पटेना. त्यांच्या लेखी कन्व्हेयन्स म्हणजे ऑफिसातून मिळणारा रिक्षाखर्च, नाहीतर बिल्डर सोसायटीला तीस तीस वर्षं देत नाही ती वस्तू.

"मागच्या तीस वर्षांचा सर्च घेतला का त्या बाईंनी?"

मी सांगितलं की इथे तशी गरज पडत नाही. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स नावाच्या गृहस्थांनी पद्धत सुरू केली. सरकारी नोंदवहीत नाव लागलं की तीच मालकी, आणि तिची हमी सरकारची. पलीकडे शांतता पसरली. 'सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे' हे वाक्य ज्या माणसानं चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं, त्याला हे सांगणं म्हणजे निवृत्त पैलवानाला कुस्तीत आता चीतपट नसते असं सांगण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन. "अरे, तुझ्या जमिनीवर गौण खनिजाची अट आहे!"

पान ४१ वर खरंच होती. या जागेतून दगड, माती, खडी, वाळू काढायची नाही, पायाच्या खोदाईपुरती सूट. मेलबर्नचा पश्चिम भाग बेसॉल्टवर वसलाय, आपल्या सह्याद्रीसारखाच काळा कातळ, त्यामुळे पूर्वी कुणीतरी प्लॉट पाडताना ही अट घातली असणार. मी ते पान अत्तराच्या फायासारखं नुसतं हुंगून पुढे गेलो होतो. बाबांनी मात्र उमेदीची वर्षं वाळूचे ट्रक पकडण्यात घालवलेली. सात समुद्रांपलीकडे आपलं खातं भेटल्यावर त्यांचा आवाज दहा वर्षांनी तरुण झाला.

पान ५३ वर मागच्या कुंपणालगत दोन मीटरची पट्टी निघाली, सांडपाण्याच्या पाइपासाठी राखलेली. "वहिवाट," बाबा म्हणाले. त्या वहिवाटीवर मालकानं ऐसपैस शेड बांधली होती, आणि त्या शेडकडे बघूनच मी घर पसंत केलं होतं. परवानगीचा कागद? मागच्या सात वर्षांत मिळालेले बांधकाम परवाने मालकानं दाखवायचे असतात. त्याला मिळालाच नव्हता, म्हणून त्यानं दाखवला नाही. खोटं काय बोलला? कन्व्हेयन्सर बाईही तेच म्हणाल्या, फक्त इंग्रजीत आणि बिल लावून. ही इथली खरी मेख आहे. आपल्याकडे कागद लपवतात म्हणून माणूस फसतो. इथे सगळं तुमच्या हाती ठेवतात, मग १३८ पानं न वाचल्याबद्दल तुम्हीच स्वतःला फसवता.

शेडसह, वहिवाटीसह घर घ्यायचं ठरलं. आता कर्ज. स्वतःचे २० टक्के नसतील तर बँक एक विमा काढते. हप्ता आपला, संरक्षण बँकेचं. आपण बुडालो तर बँक तरते. बाबांना समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "कमी किती पडतात?" आणि भविष्यनिर्वाह निधीतले पैसे पाठवून दिले.

बँकेला ते पैसे आवडले, पण त्यांना बाबांकडून लेखी हवं होतं की ही भेट आहे, परत मागणार नाही, आणि या घरात माझा कसलाही हक्क, हिस्सा, हितसंबंध नाही. "सायकल घेऊन दिली तेव्हा नव्हतं असलं काही लिहून घेतलंस," एवढंच बाबा म्हणाले. सही ठोकली, खाली तारीख घातली, आणि सवयीनं दोन झेरॉक्स काढून ठेवल्या.

मग नावाचा घोळ. खरेदीच्या करारावर मी दोन शब्दी. पासपोर्टवर तीन शब्दी, अमोल दिगंबर आणि आडनाव. लायसन्सवर दिगंबरचा फक्त 'डी' उरलेला. स्मिताच्या पासपोर्टवर स्मिता अमोल. बँकेतल्या मुलीचा फोन आला, "या कर्जात अमोल दोनदा का आहे? आणि हे दिगंबर सह्या का करत नाहीत?" एजंट तर महिनाभर 'हाय दिगंबर' अशीच मेल पाठवत होता. वडिलांना इतक्या सलगीनं हाक मारणारा मी पाहिलेला तो पहिलाच.

"त्यात काय," बाबा म्हणाले, "उर्फ लाव."

उपाय अगदी तोच निघाला. 'दोन शब्दी मी आणि तीन शब्दी मी हा एकच इसम' असं प्रतिज्ञापत्र. साक्षीला कोण चालेल याची केंद्र सरकारची लांबलचक यादी आहे, त्यात औषधाचा दुकानदारही बसतो. कोर्टाबाहेर छत्रीखालचा नोटरी बघितलेल्या मला ते खरं वाटेना. पण व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि सनस्क्रीन यांच्या मधल्या काउंटरवर, एका आजींचं खोकल्याचं औषध देऊन झाल्यावर, फार्मासिस्टनं माझी सही घेतली. खोटं असेल तर चार वर्षांपर्यंत कैद, असं वर छापलेलं. मी मीच आहे ना, या विचारानं मला क्षणभर घाम फुटला. फी घेतली नाही, म्हणून लाजेनं खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

ताबा मिळण्याचा दिवस इतका कोरडा असेल असं वाटलं नव्हतं. ना सब-रजिस्ट्रार, ना अंगठे, ना पेढे. दोन्हीकडच्या बँका आणि कन्व्हेयन्सर कुठेतरी कॉम्प्युटरवर भेटले. मी ऑफिसात डबा गरम करत होतो, तेव्हा एका शब्दाचा मेसेज आला: 'सेटल्ड'. संध्याकाळी एजंटकडून किल्ल्या घेतल्या. पाकिटावर 'दिगंबर' लिहिलेलं.

"उतारा दाखव," बाबा म्हणाले.

पीडीएफ पाठवली. त्यांनी साताऱ्यात प्रिंट काढून आणली आणि फोन समोर टेकवून वाचायला घेतली. खातेदार, वहिवाट, गौण खनिज, बँकेचा बोजा, सगळीकडे पेन्सिलीची बारीक टिकली पडत गेली. मालकांच्या नावांशी ते थांबले. तिथे मी तीन शब्दी होतो.

"हक्क नाही, हिस्सा नाही, हितसंबंध नाही," बाबा चष्मा काढत म्हणाले, "लिहून दिलंय मी. झेरॉक्स आहे माझ्याकडे. मग उताऱ्यावर माझं नाव लावलं कुणी?"