दुपारची लॅब आणि शनिवारचा सामना

अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पीएच.डी. करत असताना मी चार वर्षे संख्याशास्त्राची टीचिंग असिस्टंट होते, आणि त्या काळात फुटबॉल संघातली बरीच मुले माझ्या वर्गातून शिकून गेली. (इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा, कॉलेजांचे सामने बहुतेक शनिवारी होतात आणि त्यांना लाखभर प्रेक्षकही जमतात.) हंगाम तोंडावर आला की दर वर्षी तोच वाद निघतो: संघ जिंकायला हवा असेल तर प्रवेशाच्या अटी किती सैल कराव्यात, आणि अटी कडक ठेवायच्या तर हरण्याची तयारी ठेवावी का. हा वाद दारापाशीच अडकून पडतो, आणि मुलगा आत आल्यावर त्याचे काय होते याकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा बचावफळीत खेळायचा. त्याला स्थापत्य अभियंता व्हायचे होते. वडील पुलांच्या बांधकामावर कामाला होते, आणि वहीच्या मागच्या पानांवर हा नेहमी पूल काढत बसलेला असे, कधी कमानीचे, कधी लोखंडी कैच्यांचे. रात्री आठनंतर तो शंका विचारायला यायचा, तेव्हा गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली असायची, आणि प्रमाण विचलनाचे गणित अर्ध्यावर आले की त्याचे डोळे मिटू लागायचे. पहाटे वजने उचलायची, सकाळी तास, दुपारी सराव, संध्याकाळी मागच्या सामन्याचे चित्रण पाहायचे, आणि मग अभ्यास. दुसऱ्या वर्षी अभियांत्रिकीची लॅब दुपारी आली. सरावही दुपारीच होता. दोन आठवड्यांत त्याने शाखा बदलली, आणि सल्लागाराने जी शाखा सुचवली तिच्यात संघातली आणखी अकरा मुले आधीपासूनच होती. या मुलाचे शाळेतले गुण चांगले होते. प्रवेशाच्या अटी दुप्पट कडक असत्या तरी तो आत आलाच असता, आणि तरीही त्याची लॅब सुटलीच असती.

कॉलेजांच्या खेळाचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा १९९१ पासूनचा नियम असा आहे की हंगामात खेळासाठी आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही. कागदावर हे ठीक दिसते. पण सामन्याचा अख्खा दिवस या हिशेबात तीनच तासांचा धरला जातो. प्रवास, दुखापतींवरचे उपचार आणि ‘स्वेच्छेने’ केलेला व्यायाम मोजलाच जात नाही. संघातली जागा टिकवायची असलेल्या मुलाला या स्वेच्छेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरा नियम मला अधिक खुपतो, कारण तो चांगल्या हेतूने केलेला आहे. २००३ पासून तिसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी पदवीचा ४० टक्के, चौथ्यापूर्वी ६० टक्के आणि पाचव्यापूर्वी ८० टक्के अभ्यासक्रम पुरा झालेला नसेल, तर खेळाडूला मैदानात उतरता येत नाही. मुलांनी नुसते रेंगाळू नये हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात जी शाखा अवघड आहे, जिच्यात एखादा विषय राहू शकतो आणि जिच्यातून मध्येच बाहेर पडल्यास आधीचे क्रेडिट वाया जातात, त्या शाखेकडे खेळाडूला फिरकूच न देणे हे प्रशिक्षक आणि सल्लागार या दोघांच्याही सोयीचे ठरते. दर्जा राखण्यासाठी केलेला नियमच मुलाला सोप्या वाटेला लावतो, कारण त्या नियमाने मोजली जाते ती खेळण्याची पात्रता. मुलगा काय शिकला, हे त्यात येतच नाही.

जॉर्जिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या जॅन केम्प यांची हकीकत इथे सांगायला हवी. १९८१ मध्ये पायाभूत इंग्रजीत नापास झालेल्या नऊ फुटबॉलपटूंना वरच्या वर्गात ढकलण्यात आले, आणि त्यामुळे त्यांना नववर्षदिनी शुगर बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना खेळता आला. केम्प यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि त्यांची नोकरी गेली. त्या न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन २५ लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. ती पुढे कमी झाली, पण विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. त्या खटल्यात विद्यापीठाच्या वकिलांनी ज्यूरीपुढे केलेला युक्तिवाद मला विसरता येत नाही: अशा मुलाला आम्ही लिहायला-वाचायला शिकवले, तर कचरा उचलण्याऐवजी त्याला निदान टपाल खात्यात काम मिळेल. ज्या मुलांच्या जिवावर स्टेडियम भरते त्यांच्याविषयी विद्यापीठाच्या मनातली अपेक्षा एवढीच होती.

त्यानंतर सगळे सुधारले असेही नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ या काळात एका विभागात असे वर्ग चालले की त्यांत शिकवणे जवळपास नव्हतेच, शेवटी एक निबंध दिला की चांगली श्रेणी मिळे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले आणि त्यांत खेळाडूंचा भरणा मोठा होता. २०१७ मध्ये एनसीएएने या वर्गांबद्दल विद्यापीठाला दंड केला नाही, कारण ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते.

यावर कोणी शिकागोचा दाखला देतात. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी पहिली हाइजमन ट्रॉफी मिळवणारा जे बरवँगर ज्या विद्यापीठाचा, त्या शिकागो विद्यापीठाने अध्यक्ष हचिन्स यांच्या आग्रहामुळे १९३९ मध्ये आपला मोठा संघच बंद केला. मला हा मार्ग मान्य नाही. शिष्यवृत्तीमुळे घरातला पहिला पदवीधर झालेली मुले मी पाहिली आहेत, आणि खेळाने लावलेली शिस्त अभ्यासाला उपयोगी पडते हेही पाहिले आहे. अँड्र्यू लक २०११ मध्ये शिक्षण सोडून व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाऊ शकत होता, पण तो थांबला, त्याने स्टॅनफर्डमधून वास्तुरचनेची पदवी पूर्ण केली आणि २०१२ मध्ये व्यावसायिक संघांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक मिळवला. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलपटू मायरन रोल नोव्हेंबर २००८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये शिकण्यासाठी मिळणाऱ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठी अलाबामातल्या बर्मिंगहॅमला गेला. त्याच संध्याकाळी त्याच्या संघाचा मेरिलंडमध्ये महत्त्वाचा सामना होता. सामना चुकला तरी चालेल असे त्याला सांगणारे लोक त्याच्याभोवती होते. शिष्यवृत्ती मिळाल्यावर तो विमानाने निघाला आणि सामना चालू असतानाच संघाला येऊन मिळाला. आज तो मुलांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतो.

त्याच स्टॅनफर्डने पुढे २०२१ ते २०२४ या सलग चार हंगामांत बारापैकी तीन-तीनच सामने जिंकले. इतर संघ दुसऱ्या कॉलेजांतून तयार खेळाडू आणत होते आणि स्टॅनफर्डचा प्रवेश विभाग तेवढा सैल व्हायला तयार नव्हता, हे त्यामागचे एक मोठे कारण. या हट्टाबद्दल मला आदर वाटतो. पण तेच विद्यापीठ २०२४ मध्ये अटलांटिक किनाऱ्याकडच्या कॉलेज संघांच्या संघटनेत सामील झाले आणि कॅलिफोर्नियातल्या मुलांना आता त्या संघटनेतल्या सामन्यांसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. प्रवेशाची अट राखली आणि मुलांचे तास देऊन टाकले, याला मी दर्जा राखणे म्हणणार नाही.

२०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी सर्व खेळांतल्या खेळाडूंसाठी मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आता अभ्यासाचे सोंग कशाला, असे माझे काही सहकारी विचारतात. माझे उत्तर असे की बहुतेक मुलांचा खेळ पदवीबरोबरच संपतो, आणि पुढची चाळीस वर्षे त्यांना दुसऱ्या कशावर तरी काढायची असतात. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रवास आणि उपचार धरून खरे तास मोजावेत. लॅब आणि सराव एकाच वेळी आले तर सराव हलवावा. लॅब असलेल्या शाखांतील मुलांना ४०-६०-८० च्या नियमातून एका वर्षाची सूट द्यावी. शनिवारचा सामना यामुळे कधी हातचा गेला, तर जाऊ द्यावा.

माझ्या त्या विद्यार्थ्याला पदवी वेळेवर मिळाली. आज तो एका बांधकाम साहित्याच्या गोदामात काम करतो, आणि गेल्या हिवाळ्यात त्याने मला कळवले की घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात त्याने स्वतःच्या पैशाने स्टॅटिक्सचा, म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीच्या पायाभूत विषयाचा, रात्रीचा वर्ग लावला आहे.