खुलासा : आंब्याच्या बुंध्याशी पडणारा भुसा वाळवीचा नाही

‘कलमाखाली भुसा दिसला की वाळवी लागली समजा, मुळांत वाळवीचं औषध ओता,’ असा मेसेज रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांत फिरतोय. कृपया तसं करू नका. वाळवी सालीवर मातीचे पापुद्रे चढवते. खोडाच्या भोकातून पडणारा ओलसर, तंतुमय भुसा ही भिरूडाची खूण.

भिरूड म्हणजे एका लांब मिशांच्या भुंग्याची अळी. भुंगा करडा, पाठीवर पिवळसर ठिपके, लांबी साधारण 5 सेंमी. मिशा अंगाहून लांब. मादी सालीला चावून खाच पाडते नि तिच्यात एकेक अंडं घालते. पिवळट पांढरी, बिनपायांची अळी आधी सालीखाली कुरतडते, मग लाकडात शिरते. कित्येक महिने ती आतच पोखरत राहते, कोषही तिथेच. जमिनीत ओतलेल्या औषधाने ती मरेल असं समजून थांबलात, तर तेवढ्यात फांदी वाळते; लहान कलम असेल तर अख्खं जातं.

भोक साफ करा, तारेच्या आकड्याने अळी ओढून काढा. हाती लागली नाही तर कृषी विद्यापीठाने शिफारस केलेलं कीटकनाशक भोकात सोडून तोंड चिखलाने लिंपा. शेजारचा फणसही तपासा, हा भुंगा त्यालाही सोडत नाही.