‘सॉलिड’ म्हटलं म्हणून पेढे वाटू नका

अप्रेझलच्या पत्रात ‘सॉलिड परफॉर्मर’ आलं म्हणून लगेच घरी फोन लावलात ना? लावा, आईला बरं वाटेल, कारण आपल्याकडे सॉलिड म्हणजे अजूनही जबरदस्तच. एचआरच्या भाषेत मात्र सॉलिड म्हणजे टेबल. जागचं हलत नाही आणि पगारवाढ मागत नाही.

‘मीट्स एक्सपेक्टेशन्स’ आलं तर त्याहून खूश व्हा, फक्त अपेक्षा काय होती ते चुकूनसुद्धा विचारू नका. ‘कन्सिस्टंट’ म्हणजे गेल्या वर्षीही असाच होता. ‘व्हॅल्यूड काँट्रिब्यूटर’ म्हणजे तुम्ही नक्की काय करता ते मॅनेजरला आठवेना. शाळेत गुरुजी प्रगतिपुस्तकावर सरळ ‘बरा’ लिहायचे आणि बाबांना एका शब्दात सगळं कळायचं, पण तेव्हा गुरुजींना बेल कर्व्ह, म्हणजे थोडे वर, थोडे खाली आणि बाकी सगळे मध्ये अशी ठरलेली वाटणी, सांभाळायचा नव्हता. जीई या अमेरिकी कंपनीचे प्रमुख असलेल्या जॅक वेल्चनं 20-70-10 असं गणित बसवलं होतं, वरचे 20 टक्के लाडके, खालचे 10 टक्के घरी आणि मधल्या 70 टक्क्यांसाठी ही सगळी शब्दांची मिठाई. मायक्रोसॉफ्टनं असली रँकिंग 2013 मध्येच बंद केली हे मीटिंगमध्ये बोलू नका, असलेलं ‘टीम प्लेयर’ पण जाईल.

आणि ‘सॅटिसफॅक्टरी’वर तर अजिबात समाधान मानू नका. इंग्लंडात शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडनं 2012 मध्ये ‘सॅटिसफॅक्टरी’ काढून त्याच पायरीला ‘रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट’ नाव दिलं. शाळा त्याच, बाकं तीच, फक्त पाटी बदलली. इंग्रजांनाच एवढी वर्षं लागली, तर तुम्हाला एका पत्रात कसं कळेल?

‘ॲव्हरेज’ म्हटलं तर मात्र रागवू नका, जुना मानाचा शब्द आहे तो. वादळात जहाज वाचवायला कुणाचा माल समुद्रात फेकावा लागला तर ते नुकसान सगळ्या व्यापाऱ्यांनी वाटून घ्यायचं, त्याला विमावाले आजही ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. आपल्या टीममध्येही तेच की, क्लायंट एकामुळे जातो आणि इन्क्रिमेंट बाराही जणांचं बुडतं.

आता राहिला सेल्फ अप्रेझलचा फॉर्म. तिथे डोळे मिटून सगळीकडे ‘एक्सीड्स’ टाका, कापून कापून ‘मीट्स’वर तरी येईल. मी गेल्या वर्षी प्रामाणिकपणे ‘मीट्स’ लिहिलं, रात्री दोन वाजेपर्यंतचे कॉल्स वगैरे सगळं मनातच ठेवून, तर मॅनेजरनं खाली एकच शब्द टाईप केला होता. ‘ॲग्रीड’.