पहाटे पाचला उठून हेच बघायचं का?

मेलबर्नचा पहिला चेंडू आपल्याकडं पहाटे पाचला. परभणीच्या डिसेंबरात गोधडीतून हात बाहेर काढवत नाही, तरी रिमोट शोधायचा. आणि समोर आपले फलंदाज काय करताहेत? ऑफ स्टंपच्या वीतभर बाहेरचा चेंडू, त्याला बॅट लावायची, मागं झेल, मान हलवत परत! सोडता येत नाही का हो तो?

लातूरचा शेतकरी सोयाबीन पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून उगवण बघतो. 70 च्या खाली आली की बियाणं वाढवतो. आणि आमचे कोट्यधीश? पहिल्या कसोटीआधी तिथल्या संघाशी सराव सामना नको, म्हणे नेट पुरे. अहो, नेटमध्ये बाद झालं तरी पुढचा चेंडू मिळतोच की! इंग्लंडातल्या ड्यूक चेंडूची शिवण हातानं घातलेली, चेंडू जुना झाला तरी हलतो. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुराची लवकर बसते, म्हणजे तिथं पहिली वीस षटकं तग धरायची. एवढंच. पण धरायची कुणी?

लीड्स 2025 : 3 बाद 430, सगळे बाद 471. पाच शतकं ठोकून हरलो; झेल सोडले ते वेगळेच. केपटाउन 2024 : 4 बाद 153, सगळे बाद 153. अकरा चेंडूंत सहा गडी! (जिंकलो, ते सोडा.) ॲडलेड 2020 : 36. ही धावसंख्या की दुष्काळी गावाची पैसेवारी?

वर म्हणायचं, ‘आम्ही शिकतोय.’ 1974 ला लॉर्ड्सवर 42 झाल्या, तेव्हापासून शिकताच आहात की!