वाट पाहणाऱ्या माणसांचे चित्रपट

‘श्वास’मधल्या आजोबांना डॉक्टर सांगतात की, नातवाच्या दोन्ही डोळ्यांना कर्करोग झाला आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील, आणि शस्त्रक्रियेआधी मुलाला हे सांगितलेच पाहिजे. इथून पुढे काय होणार हे प्रेक्षकाला कळून चुकते. कोणी देवमाणूस शेवटच्या क्षणी धावून येणार नाही, रोगाचे निदान चुकीचे ठरणार नाही. तरीही आपण जागचे हलत नाही, कारण दिग्दर्शक संदीप सावंत यांचे सगळे लक्ष एकाच गोष्टीवर खिळलेले असते : जे होणार हे ठरले आहे, ते होईपर्यंतचा वेळ तो म्हातारा आणि ते पोर कसा काढतात.

या शतकाच्या पहिल्या दशकातले माझे आवडते चित्रपट आठवू लागलो की, त्यांतल्या बहुतेकांत हेच सूत्र सापडते. ते वाट पाहणाऱ्या माणसांचे चित्रपट आहेत. संकट अजून दारात यायचे आहे किंवा नुकतेच येऊन उंबऱ्याशी बसले आहे, आणि घरातली माणसे रोजची कामे उरकत त्याच्याकडे पाहत आहेत. त्या दहा वर्षांत मराठी चित्रपटाला पुन्हा उभारी आली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा पुरस्कारांचा आणि गर्दीचा हिशेब मांडतो. मला स्वतःला ती उभारी या वाट पाहण्याच्या चित्रणात दिसते.

‘श्वास’ला पुरस्कार मिळाले याचा आनंद मलाही झाला होता. १९५४ साली ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे यायला अर्धे शतक जावे लागले. ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला गेला, तेव्हा तिथल्या प्रचारासाठी शाळकरी मुलांपासून अनेकांनी पैसे गोळा केले. पण हे सगळे बाहेरचे झाले. चित्रपटाच्या गाभ्यात आहे तो एक दिवस. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा परश्याला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. इकडे शोधाशोध, धावपळ, डॉक्टरांचा संताप. तिकडे म्हातारा नातवाला शहर दाखवत हिंडतो आहे. पाहण्यासारखे जेवढे म्हणून पाहता येईल, तेवढे त्या पोराच्या डोळ्यांत साठवून घ्यायचे आहे. अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी दुःखापेक्षा लगबग अधिक दिसते, आणि ती लगबगच मला अजून पाहवत नाही. हा चित्रपट रडका आहे असे म्हणणाऱ्यांनी तो दिवस पुन्हा एकदा पाहावा, कारण परश्या त्या दिवशी मनापासून हसतो. अश्विन चितळेला त्या कामाबद्दल बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी रास्त होता.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा साताऱ्यात बारावीला होतो. वडील बरोबर होते. त्यांना रडताना मी तोवर कधी पाहिले नव्हते, आणि त्या दिवशीही पाहिले नाही. ते सबंध वेळ रुमालाची घडी मांडीवर ठेवून बसले होते आणि परतताना पोवई नाक्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अकरा वर्षांनी त्याच वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर मी सही केली. परिचारिकेने कागदावर बोट ठेवून सांगितले, “इथे पूर्ण नाव, इथे नातं, आणि मागच्या पानावर पुन्हा सही.” नात्याच्या रकान्यात ‘मुलगा’ असे लिहिताना ‘श्वास’मधले आजोबा माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. संध्याकाळी परवानगी काढून मी वडिलांना खाली आवारात नेले. गुलमोहराखालच्या बाकावर आम्ही अर्धा तास बसलो. रिक्षा येत होत्या, जात होत्या, कोणाचा तरी जेवणाचा डबा सांडला होता आणि दोन कावळे त्यावर तुटून पडले होते. वडील ते सगळे अगदी लक्ष देऊन पाहत होते. ते बरे होऊन घरी आले, पण चित्रपटाने मला काय दिले असे कोणी विचारले, तर तो अर्धा तास दिला, असे मी सांगेन. तो चित्रपट पाहिला नसता, तर त्यांना खाली न्यावे हे मला सुचलेच नसते.

‘श्वास’च्याच वर्षी, २००४ साली आलेला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ही याच जातीचा. स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या शेषचे काम अतुल कुलकर्णी यांनी फार ताकदीने केले आहे, यात शंका नाही. पण माझी नजर त्याला सांभाळणाऱ्या बहिणीवरून, सोनाली कुलकर्णी यांच्यावरून हलत नाही. भाऊ आज कसा उठेल, जेवेल की नाही, या विचारातच तिचा दिवस उजाडतो. आजारी माणसाच्या घरात जी सावध शांतता असते, ती मराठी पडद्यावर इतकी नेमकी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

‘डोंबिवली फास्ट’ मात्र माझ्या यादीत खालच्या बाजूला आहे, आणि यावरून मित्रांशी माझे अनेकदा वाजले आहे. निशिकांत कामत यांनी माधव आपटेचा रोजचा दिनक्रम, ती लोकल, ती बँक, ते घर पुन्हा पुन्हा दाखवले आहे, तो भाग अप्रतिमच आहे. पण संतापलेला माधव हातात बॅट घेऊन रस्त्यावर उतरल्यावर चित्रपट घटनांच्या मागे धावू लागतो आणि माणूस मागे पडतो, असे मला प्रत्येक वेळी वाटते. उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ त्या मानाने किती निवांत आहे! एक मोकाट बैल धरायला वनाधिकारी येतो, आणि त्या निमित्ताने गावातला प्रत्येक जण आपापली बाजू कॅमेऱ्यासमोर मांडून घेतो. तिथेही सगळे गाव वाटच पाहत असते, पण हसत.

‘गाभ्रीचा पाऊस’बद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तो फार थोड्यांनी पाहिला. सतीश मनवर यांचा हा २००९ सालचा चित्रपट विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर आहे, असे एका ओळीत सांगितले की लोक आधीच मान वळवतात. प्रत्यक्षात तो एका बायकोच्या भीतीवर आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यापासून अलकाला वाटू लागते की आपला किसनाही तसेच काही करून बसेल. ती त्याला एकटे सोडत नाही; तो शेतावर निघाला की लहानग्या पोराला त्याच्या मागे धाडते. त्या पोराला आपण बापाच्या मागे का चाललो आहोत हे धड कळत नाही, आणि किसनाला घरातले सगळे आपल्याकडे असे का पाहतात हे कळत नाही. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी हा सारा गोंधळ इतक्या साधेपणाने उभा करतात की, मध्येच हसू येते आणि हसल्याची लाज वाटते. कर्ज, बियाणे, आभाळ यांविषयी जे काही कळायचे ते या पाळतीतूनच कळत जाते. वर्तमानपत्रातल्या आकड्याच्या आतही असे एक घर असते, हे मला या चित्रपटाने दाखवले.

आणि ‘टिंग्या’. मंगेश हाडवळे यांचा हा चित्रपट २००८ साली आला. बिबट्यासाठी केलेल्या खड्ड्यात पडून चितंग्या बैल कायमचा जायबंदी होतो, आणि छोट्या टिंग्याच्या कर्जाने पिचलेल्या बापापुढे त्याला खाटकाला विकण्यावाचून मार्ग उरत नाही. टिंग्याची मैत्रीण रशिदा हिची आजी त्याच सुमारास आजारी पडते, तिच्यावर मात्र औषधोपचार होतात. म्हाताऱ्या माणसाला बरे करायला धडपडता, मग माझ्या बैलाला का नाही, असे त्या पोराला वाटत राहते, आणि एकाही मोठ्या माणसाकडे त्याला पटेल असे उत्तर नसते. शरद गोयेकर या मुलाने ते असे विचारले आहे की अभिनय हा शब्द वापरायलाही संकोच वाटतो.

मागच्या महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मी ‘टिंग्या’ दाखवला. चित्रपट संपल्यावर तिने हाच प्रश्न मला विचारला. मी तिला कर्ज म्हणजे काय ते सांगितले, पेरणीला बैलजोडी का लागते ते सांगितले, नवा बैल घ्यायचा तर पैसे कुठून आणायचे तेही सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “ते कळलं बाबा, पण त्याला डॉक्टरकडे का नाही नेलं?”